मुंबईत बांधकाम कंत्राटदार व्हायचंय? आधी कागद ठरवा, मग क्लास लावा

‘कॉन्ट्रॅक्टर लायसन्सचा कोर्स कुठे करू?’ साइटवर सुपरवायझर म्हणून चार-पाच वर्षं काढलेली, नुकताच डिप्लोमा झालेली किंवा वडिलांची गवंड्यांची टोळी पुढे चालवणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. फी भरायच्या आधी थोडं थांबा, कारण प्रश्नातच घोळ आहे. एक परीक्षा दिली, पास झालो, लायसन्स घेतलं आणि बांधकाम कंत्राटदार झालो, असं आपल्याकडे होत नाही.

ते होतं अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत. कॅलिफोर्नियात उमेदवाराला मागच्या दहा वर्षांतला निदान चार वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि मग साधारणपणे दोन पेपर असतात, एक कायदा आणि व्यवहाराचा, दुसरा ज्या कामाचं लायसन्स हवं त्या कामाचा. त्या पेपरांची तयारी करून घेणाऱ्या शाळा तिथे आहेत आणि त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आपल्याकडची मुलंही बघतात. मग मुंबईत तसाच क्लास शोधतात. शोधणारे असले की विकणारे उगवतातच.

मुंबईत कागद एक नाही, अनेक आहेत, आणि ते देणारी दारंही वेगवेगळी. काही परवाने माणसाच्या नावाने, शिक्षण आणि अनुभव बघून मिळतात. काही नोंदण्या फर्मच्या नावाने, ऐपत आणि केलेली कामं बघून होतात. काही नोंदण्या कामगार ठेवले की कराव्याच लागतात. तुम्ही किती हुशार आहात याच्याशी त्यांचा संबंध नाही. क्लासवाला ‘लायसन्स’ म्हणाला की यातलं नेमकं कुठलं, कोणत्या कार्यालयाचं, एवढं विचारा. निम्म्या ठिकाणी संभाषण तिथेच संपेल.

पहिली पायरी: काम कुठलं करणार?

लेबर रेटवर काम घेणारा पेटी कंत्राटदार, सोसायट्यांची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग करणारा, फ्लॅटचं अंतर्गत काम करणारा आणि महापालिकेचं गटाराचं किंवा शाळादुरुस्तीचं टेंडर भरणारा, या सगळ्यांना लोक कंत्राटदारच म्हणतात. पण त्यांचे कागद आणि त्यांना लागणारं शिक्षण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोठ्या कंपनीच्या हाताखाली सेंटरिंग किंवा प्लास्टरचं लेबर काम घ्यायचं असेल तर तुमच्याकडे कोणी डिप्लोमा मागणार नाही. पीएफ, ईएसआय (कामगारांचा विमा), जीएसटी, पॅन आणि टोळी मागतील. सोसायटीचं काम हवं असेल तर तिथला स्ट्रक्चरल कन्सल्टंट टेंडर काढतो आणि तुमची आधीची दोन-तीन कामं जाऊन बघतो. मुंबईत हे काम भरपूर आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्यानुसार करून घ्यावंच लागतं, आणि ऑडिट झालं की मागोमाग दुरुस्ती येते. सरकारी काम हवं असेल तर नोंदणीशिवाय बहुतेक दारं बंद. वायरिंग आणि प्लंबिंगचा मामला आणखी वेगळा. तिथे माणसाच्या नावाचा परवाना लागतो.

जाता जाता, बिल्डर आणि कंत्राटदार यांची गल्लत करू नका. महारेराची नोंदणी प्रकल्प उभा करून घरं विकणाऱ्या प्रवर्तकाची असते. महारेराने सक्तीचं केलेलं प्रशिक्षण आणि परीक्षा मालमत्ता एजंटांसाठी आहे. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून बांधकामाचं काम मिळत नाही.

दुसरी पायरी: माणसाच्या नावाचे परवाने

मुंबई महापालिका सर्व्हेयर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट सुपरवायझर आणि प्लंबर यांना परवाने देते. कोणाला कुठल्या शिक्षणावर आणि किती अनुभवावर काय करता येतं, ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये लिहिलेलं आहे. नियमावली जाडजूड असली तरी तुम्हाला त्यातलं पात्रतेचं परिशिष्टच वाचायचं आहे. वाचल्यावर लक्षात येईल की क्लासच्या प्रमाणपत्राला तिथे जागा नाही. सिव्हिल डिप्लोमा, पदवी किंवा आयटीआयचा ड्राफ्ट्समन आणि त्यावर वास्तुविशारद वा इंजिनिअरच्या हाताखालचा अनुभव, असाच हिशेब असतो.

म्हणून साइटवर नोकरी करणाऱ्यांनी अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच घ्यावा. लेटरहेडवर, तारखांसकट, कुठल्या इमारतीवर काय केलं याच्या तपशीलासह आणि सही करणाऱ्या इंजिनिअरच्या नोंदणी क्रमांकासह. ‘श्री. अमुक आमच्याकडे कामाला होते, वर्तणूक चांगली’ हा दाखला चाळ कमिटीला चालेल, महापालिकेला नाही.

विजेच्या कामाचं मात्र तसं नाही. तिथे तारतंत्री म्हणजे वायरमन, पर्यवेक्षक आणि विद्युत ठेकेदार अशी परवान्यांची उतरंडच आहे आणि ती राज्याच्या अनुज्ञापक मंडळाच्या हातात आहे. परवानाधारक ठेकेदाराशिवाय आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीशिवाय वीजसंचाचं काम करणं नियमाबाहेर आहे. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याला शिक्षणाचा खर्च सरळ परवान्यात वळवता येतो. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा कोर्स, मग परवाना, मग अनुभव, मग वरचा परवाना. ‘लायसन्ससाठी शिकतोय’ हे वाक्य मुंबईत खऱ्या अर्थाने इथेच लागू पडतं.

तिसरी पायरी: फर्मची नोंदणी

सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, म्हाडा, केंद्रीय लोकनिर्माण विभाग हे सगळे आपापल्याकडे कंत्राटदारांची नोंदणी करतात. वर्ग पाडलेले असतात आणि प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. छोट्या वर्गाने मोठं टेंडर भरायचं नाही. नोंदणीसाठी बँकेचा ऐपत दाखला, सीएने दिलेलं उलाढालीचं प्रमाणपत्र, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी आणि पदरी असलेल्या तांत्रिक माणसांची माहिती मागतात. कुठल्या वर्गाला काय, ते त्या त्या विभागाच्या चालू नियमांत बघा. ओळखीच्या कंत्राटदाराने सांगितलेले आकडे बहुधा त्याने नोंदणी केली त्या सालचे असतात.

नवख्याची अडचण उघड आहे: अनुभवाशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय काम नाही. यातून सुटायचा एक मार्ग राज्य सरकारनेच ठेवलेला आहे. सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा असलेल्याला ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागात नोंदणी करता येते आणि छोट्या कामांचा काही वाटा या अभियंत्यांसाठी, काही मजूर सहकारी संस्थांसाठी राखलेला असतो. डिप्लोमाचा खरा भाव इथे कळतो. दहावीनंतर तीन वर्षं घालवून मिळणारा हा एकच कागद महापालिकेचा सुपरवायझर परवाना आणि सरकारी नोंदणी, दोन्हींकडे उपयोगी पडतो. म्हणून वय विशीच्या आत असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: लायसन्सचा क्लास विसरा, डिप्लोमा करा.

डिप्लोमा नसेल आणि आता करणं शक्य नसेल तर दुसरा मार्ग खासगी कामांचा. सोसायटी किंवा खासगी मालकाचं काम घ्यायचं, वर्कऑर्डर लेखी घ्यायची, पैसे बँकेतूनच घ्यायचे आणि शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला मागायचा. रोखीत केलेलं काम नोंदणीच्या टेबलावर झालेलंच नसतं.

चौथी पायरी: मुंबईत शिकायचं कुठे?

आयटीआयपासून सुरुवात करू. ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि सर्व्हेयर हे दोन वर्षांचे ट्रेड, प्लंबर आणि गवंडीकाम एक-एक वर्षाचे. मुंबईत मुलुंड, कुर्ला अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत, पण प्रत्येक ठिकाणी प्रत्येक ट्रेड नसतो. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या निकालानंतर. फी खासगी क्लासच्या मानाने नगण्य. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड किंवा विज्ञान शाखेची बारावी झाली की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं.

डिप्लोमासाठी वांद्रे पूर्वेला खेरवाडीचं शासकीय तंत्रनिकेतन आहे, माटुंग्याला १८८७ साली सुरू झालेलं व्हीजेटीआय आहे, भायखळ्याला साबू सिद्दीक आहे. बहुतेक तंत्रनिकेतनांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. तीन वर्षांत सर्व्हेइंग, काँक्रीट, एस्टिमेटिंग, करार आणि हिशेब, सगळं येतं. एस्टिमेटिंगचा पेपर पोरं कंटाळून चाळीस मार्कांपुरता करतात, आणि पुढे पोट त्याच पेपरावर चालतं.

हातकाम नीट शिकायचं असेल तर पनवेलला एल अँड टीची बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. फॉर्मवर्क, बारबेंडिंग, गवंडीकाम तिथे साइटच्या शिस्तीत शिकवतात. कंपनीला स्वतःच्या साइटसाठी माणसं हवी असतात म्हणून ही सोय आहे, हे लक्षात ठेवूनच जा. पण पुढे स्वतःची टोळी चालवणाऱ्याने सहा महिने दुसऱ्याच्या शिस्तीत घालवले तर बिघडत नाही. लेव्हल, ओळंबा आणि शटरिंगचा टेकू स्वतः लावलेला माणूस मुकादमाच्या थापा लगेच ओळखतो.

ज्यांचा हात आधीच बसलेला आहे पण कागद नाही, अशा गवंडी-सुतारांसाठी ‘पूर्वशिक्षण मान्यता’ नावाची सोय राष्ट्रीय कौशल्य व्यवस्थेत आहे. थोडं प्रशिक्षण, मग मूल्यमापन, मग प्रमाणपत्र. त्याने कंत्राटदारी मिळत नाही, पण टोळीतली माणसं प्रमाणित असतील तर मोठ्या साइटवर त्यांना आत घेताना बरं पडतं.

सुरक्षेचं शिक्षण नवखे टाळतात. शीवला केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था आहे, बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे. दोन्हीकडे सुरक्षेचे छोटे-मोठे अभ्यासक्रम चालतात. बाहेरून रंग आणि प्लास्टर करणाऱ्या, म्हणजे परांचीवर माणसं चढवणाऱ्या कंत्राटदाराने ते केले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. सोसायटीच्या कामात आठव्या मजल्यावरून बिगारी पडला तर सर्वात आधी तुमचं नाव विचारलं जातं.

मग राहिली व्यवस्थापनाची मोठी नावं. १९८३ साली स्थापन झालेली, आता विद्यापीठ झालेली पुण्याची निकमार त्यातली एक. शिक्षण चांगलं, पण ते मोठ्या कंपन्यांत प्लॅनिंग आणि कॉन्ट्रॅक्ट्स विभागात जाणाऱ्यांसाठी. पहिलं बाथरूम वॉटरप्रूफिंग घेणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये. त्याऐवजी बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या चर्चासत्रांना जा. १९४१ पासूनची ही संघटना कंत्राटदारांचीच आहे आणि तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. टेंडरमधल्या जाचक अटी, जीएसटी, थकलेली बिलं, यावर तिथे जे कानावर पडतं ते कुठल्या क्लासात नसतं.

पाचवी पायरी: मोजमाप शिका

स्टेशनाबाहेरच्या खासगी क्लासांपैकी ज्यावर पैसे खर्च करावेत असा एकच प्रकार मला दिसतो: क्वांटिटी सर्व्हे म्हणजे कामाचं मोजमाप, रेट अॅनालिसिस म्हणजे दराची फोड, आणि बिलिंग. ऑटोकॅड नंतर शिकता येईल, थ्रीडी तर कधीच नाही शिकलं तरी चालेल. कंत्राटदार पैसा कमावतो किंवा घालवतो तो मोजमापात.

एक उदाहरण घ्या. आतली विटांची भिंत, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच. दोन्ही बाजूंनी सारखंच प्लास्टर. मध्ये एक दरवाजा, ०.९ बाय २.१ मीटर. भिंतीची एक बाजू १२ चौरस मीटर, दोन्ही मिळून २४. दरवाजाचं माप १.८९ चौरस मीटर. आता वजा किती करायचं? नवखा माणूस प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी वजा करतो आणि २०.२२ लिहितो. भारतीय मानक १२०० चा नियम वेगळा आहे. दार-खिडकीसाठी सोडलेली उघडी जागा अर्ध्या चौरस मीटरपर्यंत असेल तर काहीच वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूने वजा करायचं, कारण चौकटीच्या कडांना जे प्लास्टर लागतं त्याचं वेगळं माप धरत नाहीत. तीनच्या वर गेलं तर दोन्ही बाजूंनी वजा करायचं आणि कडा वेगळ्या मोजून मिळवायच्या. म्हणजे बरोबर उत्तर २२.११. एका दरवाजामागे १.८९ चौरस मीटर तुमचंच प्लास्टर तुम्ही फुकट केलं असतं. चाळीस दरवाज्यांच्या इमारतीत ७५ चौरस मीटरच्या वर गेलं. क्लास हे शिकवत असेल तर फी वसूल आहे.

दुसरी गोष्ट एककांची. मुंबईच्या साइटवर रेती-खडी ब्रासमध्ये येते, लाकूड आणि टाइल फुटात बोलतात, आणि टेंडर मीटरमध्ये असतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. हा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. तसंच सळईचं वजन: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरचा अख्खा बार १०.६७ किलो. दोन टन माल उतरला तर बार १८७च्या आसपास भरले पाहिजेत. काट्याची पावती हातात घेण्यापूर्वी बार मोजायची सवय लावा. सळईच्या वजनात थोडी घटबढ चालते, पण वीस-पंचवीस बारांचा फरक पडला तर ट्रक सोडू नका.

रेट अॅनालिसिस शिकवताना बहुतेक क्लास सरकारी दरसूची उघडतात. राज्याची दरसूची, महापालिकेची युनिफाइड शेड्यूल, दोन्ही वाचता आल्याच पाहिजेत. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या सिमेंट, त्यावर रेती, खडी, मजुरी, मिक्सर, असं मांडायला शिका. पण मुंबईचा खरा खर्च या मांडणीच्या बाहेर लपलेला असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर रेतीच्या गोण्या चढवणारी माणसं. सोसायटीने सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तोडफोड करायला केलेली मनाई. दुपारच्या झोपेचे दोन तास. माल ठेवायला जागा नाही म्हणून रोज थोडा थोडा मागवलेला आणि म्हणून महाग पडलेला माल. डेब्रिज उचलायचा टेम्पो. गिरगावातल्या गल्लीत ट्रक शिरत नाही म्हणून नाक्यापासून हातगाडी. क्लासमधल्या सरांनी स्वतः दक्षिण मुंबईत काम केलं असेल तर ते या गोष्टी बोलता बोलता सांगतील. केलं नसेल तर त्यांच्या तोंडून दरसूचीपलीकडे काही निघणार नाही.

सहावी पायरी: क्लासची पारख

फी भरायच्या आधी एक दिवस बसून बघू द्या, असं सांगा. जो बसू देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. आत गेल्यावर बघा: मुलांच्या हातात खऱ्या इमारतीचे नकाशे आहेत की पुस्तकातली चित्रं? खरं भरलेलं टेंडर, त्यातली बिल ऑफ क्वांटिटी (कामांची आणि मापांची यादी), मोजमाप पुस्तिकेची पानं, रनिंग बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलेलं बिल), यातलं काही समोर ठेवतात का? शिकवणारा माणूस साइटवर जातो का, की दहा वर्षांपूर्वी जात होता? आणि एक्सेल शिकवतात का? साधा प्रश्न आहे, पण मोजमापाचा तक्ता एक्सेलमध्ये न बनवणारा क्लास आजच्या घडीला निरुपयोगी आहे.

‘शंभर टक्के लायसन्स’, ‘सरकारमान्य’ असे शब्द दिसले तर मान्यता कोणाची, कुठल्या क्रमांकाची, ते लेखी मागा. ‘आम्ही महापालिकेत रजिस्ट्रेशन करून देतो’ असं म्हणणारे प्रशिक्षण विकत नाहीत, एजंटगिरी विकतात. अर्ज ऑनलाइन असतात, कागद तुमचे असतात, सही तुमची असते. डिजिटल सही तर कोणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू नका. कोऱ्या चेकवर सही करण्यासारखंच आहे ते, फक्त इथे टेंडर भरलं जातं आणि बयाणा, म्हणजे टेंडरसोबत भरलेली अनामत, जप्त झाला तर नाव तुमचं काळ्या यादीत जातं.

सातवी पायरी: कागदांचा क्रम

हे पटकन सांगतो. पॅन आणि चालू खातं सर्वात आधी. मग दुकाने कायद्याखालची नोंद, ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो. कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी माणसं असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. उद्यम आहे म्हणून बयाणा माफ, असं गृहीत धरू नका. बांधकामाच्या टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सक्तीचा, पण टेंडर भरायचं असेल तर आधीच घ्यावा लागतो. डिजिटल सही घेतली की महाटेंडर्स या राज्याच्या ऑनलाइन टेंडरच्या पोर्टलवर नाव नोंदवता येतं.

कामगारांच्या बाजूने आकडे लक्षात ठेवा. दहा बांधकाम कामगार झाले की कामगार कायद्याखाली आस्थापनेची नोंदणी आणि ईएसआयचा विचार. वीस झाले की पीएफ. पन्नास झाले की कंत्राटी कामगारांचं लायसन्स. विजेचं काम सोडलं तर हे एकच लायसन्स खरोखर ‘कंत्राटदाराचं लायसन्स’ म्हणून ओळखलं जातं, आणि त्याला परीक्षा नाही. तुमच्या गवंडी-बिगाऱ्यांपैकी ज्यांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले आहेत, त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बरेच लाभ मिळतात, आणि नाक्यावरची चांगली माणसं तुमच्याकडे टिकतात.

आठवी पायरी: पहिलं टेंडर भरताना

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या टेंडरमध्ये बी-१ आणि बी-२ हे शब्द दिसतील. बी-१ मध्ये दर त्यांनी दिलेले असतात, तुम्ही एकूण टक्केवारी वर किंवा खाली सांगायची. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही भरायचा. नवख्याला बी-१ सोपा वाटतो आणि तोच फसवतो. शेजारच्याने वीस टक्के खाली भरलं म्हणून आपण बावीस भरायचं, हा जुगार आहे. फार खाली गेलात तर जादा सुरक्षा ठेवही भरावी लागते, म्हणजे आधीच कमी असलेल्या पैशातून आणखी अडकले.

पैसा कसा अडकतो ते एकदा कागदावर मांडून बघा. जीएसटी वगळून १० लाखांचं बिल झालं. वैयक्तिक मालकीची फर्म असेल तर आयकराची एक टक्का कपात, १० हजार. सरकारी काम अडीच लाखांच्या वरचं, म्हणून जीएसटीची दोन टक्के कपात, २० हजार. बांधकाम कामगार उपकर एक टक्का, १० हजार. सुरक्षा ठेव पाच टक्के धरा, ५० हजार. नव्वद हजार हातात येण्याआधीच वळते झाले. करकपातीचे पैसे पुढे हिशेबात मिळतात, उपकर गेला तो गेला, ठेव दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात निघालेले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर परत येते. मुकादमाला पगार मात्र शनिवारीच द्यायचा असतो. म्हणून पहिलं काम तुमच्या खिशातल्या पैशाच्या दुपटीपेक्षा मोठं घेऊ नका, बँक कितीही गोड बोलली तरी.

सोसायटीच्या कामातही हाच हिशेब, फक्त सेक्रेटरी बदलला की बिल अडकतं. त्यामुळे करारात हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, दर ‘जीएसटी वेगळा’ असे लिहा आणि जादा निघालेल्या कामाचा दर आधीच ठरवा. जुन्या इमारतीत प्लास्टर तोडल्यावर आतली सळई किती गंजली आहे ते कळतं. तोडण्यापूर्वी कुणीच सांगू शकत नाही. दुरुस्तीच्या करारात ही ओळ नसेल तर सही करू नका.

वेळेचं म्हणाल तर टेरेसचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर मे अखेरीला उरकलं पाहिजे. सोसायट्या सर्वसाधारण सभा घेऊन टेंडर काढेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. ज्याला यंदाच्या हंगामात पहिलं काम हवं आहे त्याने गुमास्ता, जीएसटी आणि डिजिटल सही दिवाळीपर्यंत हातात ठेवावी, क्लास लावायचा असेल तर तो पावसाळ्यात लावावा, आणि जानेवारीत ओळखीच्या दोन स्ट्रक्चरल कन्सल्टंटना आपलं कामाचं माहितीपत्रक नेऊन द्यावं.